मदत हवी आहे: वकील मॅलोनचे संवाद मराठीत कसे आणावेत?

नमस्कार. क्रेग राइस या अमेरिकन लेखिकेच्या ‘एट फेसेस ॲट थ्री’ (१९३९) या विनोदी रहस्यकादंबरीतील काही प्रकरणांचा अनुवाद मी केवळ अभ्यासासाठी करीत आहे. घरातील घड्याळे तीनवर थांबलेली, वृद्ध आत्याचा खून झालेला आणि संशय तिच्या तरुण भाचीवर, इथपर्यंत काम सुरळीत झाले. अडचण शिकागोचा वकील जॉन जे. मॅलोन याच्यापाशी आहे. आपल्याकडे दारुडे पात्र म्हटले की अडखळती जीभ आणि झोकांड्या डोळ्यांसमोर येतात, परंतु मॅलोन कितीही प्यायला तरी त्याची बुद्धी शाबूत असते, आणि माझ्या मते त्याची सारी गंमत त्यातच आहे. ही गंमत राखणारी बोली कोणती असावी? शिवाय प्रसिद्धीचे काम पाहणारा जेक जस्टस आणि श्रीमंत घरातील हेलीन ब्रँड यांच्याशी त्याने ‘तू’ म्हणून बोलावे की ‘तुम्ही’? ‘तुम्ही’ने मैत्रीतील मोकळेपणा हरवतो, तर पहिल्याच भेटीत हेलीनला ‘अगं’ म्हणणे मला खटकते. ज्यांनी असे संवाद अनुवादित केले आहेत, त्यांनी एखाद-दुसरे वाक्य नमुन्यादाखल लिहून दाखवल्यास फार उपकार होतील.