सुरुवात वळूंपासून नको

रोडिओला, म्हणजे अमेरिकेतल्या गुराखी-कसबांच्या स्पर्धांना, जनावरं पुरवायचा धंदा कसा सुरू करावा, असं तुम्ही विचारलंय. त्यावर कुणी दिलेलं ‘दोन-तीन चांगले उसळणारे वळू घेतले की रोडिओवाले आपणहून फोन करतात’ हे मत मला अजिबात पटत नाही. उसळत्या वळूवर स्वाराने टिकून राहायच्या आठ सेकंदांच्या फेरीत शंभरपैकी निम्मे गुण जनावराचे असतात, त्यामुळे आयोजक नाव झालेल्या पुरवठादाराकडेच जातात. नव्या माणसाला आपला वळू दाखवायचा तर दोन वर्षांच्या वळूंच्या वेगळ्या स्पर्धा आहेत. तिथे पाठीवर स्वार नसतो, रिमोटने सुटणारा छोटा डबा बांधतात आणि चार सेकंदांच्या उसळीवर गुण देतात. पण तोवरचा चारा, कुंपण, ट्रेलर सगळं खिशातून.

टेक्सासात मी ज्यांचे हिशेब बघतो, त्यांनी धंदा उभा केला तो टीम रोपिंगच्या (दोन घोडेस्वार दोराचा फास टाकून जनावर पकडतात, त्या खेळाच्या) सरावाला कोरिएंते जातीचे स्टिअर, म्हणजे खच्ची केलेले बैल, भाड्याने देऊन. मेक्सिकोकडची ही हलकी, काटक, शिंगाळ जात. फास शिंगांवर पडतो, म्हणून शिंगांच्या बुडाशी आणि कानांवर जाड आवरण बांधतात. ते ढिलं राहिलं तर दोर कानापाशी कातडी सोलतो. इथे कुणी लिहिलं नाही ते म्हणजे ही जनावरं शिकतात. फार फेऱ्या झाल्या की काही जण मंदावतात, काही वाटेतच थांबतात, आणि असा कळप पुन्हा कुणी मागत नाही. म्हणून निम्मा कळप कायम चराईवर हवा. राज्याबाहेर न्यायचा तर पशुवैद्याचा दाखलाही लागतो. तुमच्याकडे कुरण किती आहे, ते आधी सांगा.