कोऱ्या रजिस्टरवर सही करणारे आपण जुलमाला काय अडवणार?

पलूसकर:
परवा ग्रामसभेत रजिस्टर फिरत आलं, ठरावाची जागा कोरी आणि खाली पन्नासेक सह्या, अंगठेपण. दोरीला बांधलेला पेन हातात आला, मागनं एकजण म्हणाला, "कर की बाबा, खोळंबा कशाला," आणि मी केली. तेव्हापासनं मन खातंय. कुंडल इथनं हाकेच्या अंतरावर, इंग्रजांच्या राज्यात लोकांनी स्वतः चालवलेल्या प्रतिसरकारच्या गोष्टी ऐकत वाढलो आपण, आणि एक सही नाकारता येईना. उद्या कुणी मानगुटीवर बसला तर कणा कुठनं आणायचा? माझ्या मते आधी माणूस स्वतः ताठ पाहिजे.

कृष्णाकाठ:
तळमळ पटली दादा, पण ताठ रहा म्हणणं सोपंय. ज्याचं रेशन, उसाची तोड, पोराची नोकरी सगळं एकाच माणसाच्या हातात, तो काय बोलणार? १९४३ ते ४६ मध्ये प्रतिसरकारचे पुढारी नाना पाटील, त्यांच्या माणसांनी गावोगाव न्यायमंडळं चालवली, स्वयंसेवकांची तुफान सेना उभी केली, म्हणून इंग्रज जेरीस आले. ताकद संघटनेची होती, एकेकट्या सज्जनाची नाही.

पलूसकर:
मान्य, पण त्या न्यायमंडळात पैसे खाणारे पंच बसले असते तर लोक कोर्ट सोडून तिकडं गेले असते का? आणि गांधी लग्नं, म्हणजे कमी खर्चाची साधी लग्नं, त्यांनी कशासाठी लावली, लग्नापायी कर्ज नको म्हणून. सावकाराचं देणं नसलेला माणूसच तोंड वर करून बोलतो, हे त्यांना कळलेलं. तुमचाच मुद्दा आहे हा, फक्त त्यांनी सुरुवात घरापासनं केली.

साताऱ्याची_लेक:
दोघंही पुरुषांचंच बोलताय. आमच्याकडं बायकांच्या सह्या नवरेच ठोकतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असा कायदा आहे, आमच्यात ती कागदावरच होते. यंदा मी सासऱ्यांना म्हटलं, मामंजी, माझ्या नावापुढं मीच सही करणार, वाचून. दोन दिवस घरात कुणी बोललं नाही. कर्मवीरअण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली, रोज. माझ्या मते कणा असा रोजच्या ताटापासनं तयार होतो, भाषणानं नाही.

कृष्णाकाठ:
ताई, हे पटलं. तरी तुमच्या मागं दहा बायका उभ्या असत्या तर ते दोन दिवस तुम्हाला एकटीला काढावे लागले नसते, एवढंच म्हणतोय मी.

पलूसकर:
सोमवारी ठरावाची नक्कल मागायचा अर्ज देतोय, माहिती अधिकारात.

कृष्णाकाठ:
एकट्याच्या नावानं देऊ नका, माझं नाव घाला, आणि गल्लीतले अजून चारजण रविवारपर्यंत बघतो.