सरकारी मान्यतेविना महिला विद्यापीठ पस्तीस वर्षे कसे टिकले?

प्रश्न – जिज्ञासू

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले, हे आपण सगळे शाळेत शिकतो. परंतु त्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता १९५१ साली मिळाली, हे मला अलीकडेच कळले. म्हणजे मधल्या काळात तिथली पदवी सरकारच्या लेखी पदवीच नव्हती. असे असताना मुली तिथे का शिकल्या, आणि संस्थेचा खर्च कसा चालला? १९१६ सालीच काशीचे हिंदू विद्यापीठ स्वतंत्र कायद्याच्या आधारे आणि संस्थानिकांच्या मोठ्या देणग्यांवर उभे राहिले होते, त्यामुळे हा फरक अधिकच ठळक वाटतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ – हिंगणेवाचक

या विद्यापीठाची सुरुवात १९१६ पासून मोजली, तर त्याचे टिकणे चमत्कार वाटू लागते. प्रत्यक्षात कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला आणि १९०७ साली महिला विद्यालय सुरू केले. म्हणजे विद्यापीठाची कल्पना मांडली गेली तेव्हा शिक्षक, वसतिगृह चालवण्याचा अनुभव आणि दारोदार फिरून वर्गणी जमवण्याची सवय हे सारे आधीच हाताशी होते. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१४ साली निवृत्त झालेल्या कर्व्यांच्या हाती जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, आणि डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी तशाच विद्यापीठाची योजना मांडली. पुढच्या सहा महिन्यांत संस्था उभी राहिली. रा. गो. भांडारकर कुलपती झाले, र. पुं. परांजपे कुलगुरू झाले आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात पाच विद्यार्थिनी होत्या.

मान्यतेसाठी ते थांबले नाहीत, याचे कारण माझ्या मते अभ्यासक्रमात आहे. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, इंग्रजी हा विषय मात्र आवश्यक ठेवायचा, आणि गृहजीवनशास्त्र व आरोग्य यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान द्यायचे, अशी ही योजना होती. इंग्रजी माध्यमाच्या तत्कालीन विद्यापीठांच्या चौकटीत ती बसणे कठीण होते. महाविद्यालयात न येता घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याची सोयही होती, आणि लवकर लग्न झालेल्या स्त्रियांसाठी शिक्षणाचा तोच एक मार्ग उरत असे. अशा विद्यार्थिनीला नोकरीपेक्षा शिकायला मिळणेच महत्त्वाचे होते, म्हणून पदवीला मान्यता नसल्याने तिचे फारसे अडत नव्हते.

उत्तर २ – अभ्यासक

खर्चाविषयी थोडे लिहितो. आरंभीची भिस्त वार्षिक वर्गणीदारांवर होती, आणि अशा उत्पन्नावर पुढील वर्षाचीही खात्री नसते. हे चित्र १९२० साली पालटले. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. पुढे १९३६ साली मुख्य कार्यालयही मुंबईस गेले. मोठा देणगीदार आला की छोट्या खासगी संस्थेचे केंद्र हळूहळू त्याच्या शहराकडे सरकते, आणि इथे ते सरकणे संस्थेच्या हिताचेच ठरले, असे मला वाटते.

उत्तर ३ – माजी विद्यार्थिनी

पहिल्या उत्तरातील अभ्यासक्रमाविषयीचे विवेचन मला एकांगी वाटते. कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना तिथे प्राचार्य असलेल्या आगरकरांनी मुलगे आणि मुली यांना एकच शिक्षण, तेही एकत्र, द्यावे अशी भूमिका घेतली होती. त्या दृष्टीने पाहिले, तर मुलींसाठी वेगळा अभ्यासक्रम आखणे म्हणजे त्यांच्यापुढे मुळातच कमी क्षितिज ठेवणे होते. शिवाय इथली पदवी ‘जी. ए.’, म्हणजे गृहीतागमा, या नावाने ओळखली जाई. ती घेऊन सरकारी नोकरी मागणाऱ्या किंवा दुसऱ्या विद्यापीठात पुढे शिकू पाहणाऱ्या मुलीला मान्यतेच्या अभावाची किंमत स्वतः मोजावी लागत होती. विद्यार्थिनीला शिकायला मिळणेच महत्त्वाचे होते, हे घरी शिकणाऱ्या गृहिणीबाबत खरे असेल. स्वतःच्या पायांवर उभे राहू पाहणाऱ्या विधवेबाबत ते खरे नाही, आणि हिंगण्याचे सारे काम तर तिच्यासाठीच सुरू झाले होते.

उत्तर ४ – हिंगणेवाचक

आपला आक्षेप योग्य आहे. नोकरीचा मुद्दा मी फार हलका केला होता. त्याला एक गोष्ट जोडतो. या काळात असा मार्ग धरणारी ही एकटीच संस्था नव्हती. १९२१ साली शांतिनिकेतनात विश्वभारती आणि पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ अशाच प्रकारे, सरकारी सनदेविना सुरू झाले. त्यांपैकी विश्वभारतीलाही कायद्याची मान्यता १९५१ सालीच मिळाली, तर टिळक विद्यापीठाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळण्यास १९८७ साल उजाडले. यावरून असे दिसते की विलंबाचे कारण केवळ महिला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात शोधता येणार नाही. परकीय सरकारच्या चौकटीबाहेर उभ्या राहिलेल्या संस्थांचा प्रश्न बहुतांशी स्वातंत्र्यानंतरच सुटू शकला. सनद नसल्याचा एक लाभही झाला. विद्यापीठावर प्रांताची हद्द बांधलेली नव्हती, म्हणून मराठीबरोबर गुजराती माध्यमाची महाविद्यालयेही त्याला जोडता आली.