डांबर, बिटुमेन, अस्फाल्ट आणि 'खरवड'

बीडकर : रस्त्याच्या कामाच्या मराठी मसुद्यात बिटुमेन आणि अस्फाल्ट दोन्हींना 'डांबर'च लिहिलंय. चालेल का? आणि जुना रस्ता मिलिंग करून, म्हणजे यंत्राने खरवडून, निघतो त्या मालाला, प्लांटवर ज्याला 'रॅप' म्हणतात, मराठीत काय म्हणावं?

लातूरकर : बोलताना चालेल, मसुद्यात नको. डांबर मुळात दगडी कोळशातून निघायचं. डांबरगोळीत तो अर्थ अजून टिकून आहे, कारण नॅप्थलीन कोळशाच्या डांबरातलंच. आज रस्त्यावर पडतं ते खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरलेलं बिटुमेन. अस्फाल्टची तर आणखी गंमत: अमेरिकेत बिटुमेनलाच अस्फाल्ट म्हणतात, इंग्लंडात गिट्टी-बिटुमेनच्या मिश्रणाला. तुम्ही 'बिटुमेन' आणि मिश्रणाला 'डांबरी माल' असे दोनच शब्द ठेवा.

'डांबरात 8 टक्के प्लास्टिक' हे वाक्यही मसुद्यात असेल तर दुरुस्त करा. आयआरसी एसपी 98 (इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यात प्लास्टिक वापरण्याची मार्गदर्शिका) मधले 6 ते 8 टक्के बिटुमेनच्या वजनाचे आहेत, मालाच्या नव्हे. टनभर मालाला 50 किलो बिटुमेन धरलं तर प्लास्टिक जास्तीत जास्त 4 किलो. मालावर हिशेब केला तर 80! शिवाय कोरड्या पद्धतीत ते डांबरात मिसळत नाहीत. तापलेल्या गिट्टीवर आधी प्लास्टिकचा चुरा टाकतात, भांड्याला कल्हई चढावी तसा थर चढतो, मग बिटुमेन. पीव्हीसी मात्र वर्ज्य, तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो.

जालनेकर : रॅपला 'खरवड' म्हणा. 'मलबा' नको, त्यात माती आलीच, आणि माती लागलेल्या दगडाला बिटुमेन धरत नाही.

परभणीकर : खरवड तर करपलेली असते की!

जालनेकर : म्हणूनच शब्द बसतो, भाऊ. वर्षानुवर्षं ऊन-हवा खाऊन जुनं बिटुमेन ताठर झालेलं असतं. खरवड थेट ज्योतीवर गेली तर खरंच करपते, धूर निघतो. म्हणून नवी गिट्टी जास्त तापवून तिच्या उष्णतेवर खरवड गरम करतात. ढीग झाकलेला हवा, ओल असली तर ती उष्णता पाणी वाळवण्यातच जाते.

समजा टनभर डांबरी मालात 300 किलो खरवड, तिच्यात 4.5 टक्के बिटुमेन, म्हणजे 13.5 किलो. गरज 50 किलोची असेल तर नवं 36.5 किलो. पण जुनं पूर्ण वितळलं नाही तर माल कोरडा पडतो आणि गिट्टी उखडते. खरवड वाढवली तर नवं बिटुमेन मऊ श्रेणीचं घ्या, नाहीतर भेगा.

लातूरकर : पटलं. व्याख्येत एकदाच 'खरवड म्हणजे रॅप' लिहा, पुढे सगळीकडे खरवड.