त्रेसष्ट म्हटलं की नात छत्तीस लिहिते. मराठी आकडे शिकवणं थांबवू का?

परळच्या बाई

नमस्कार मंडळी. परळच्या एका मराठी शाळेत ३१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं आणि मे महिन्यात निवृत्त झाले. लेक म्युनिकला असते. नात साडेसात वर्षांची, सप्टेंबरात दुसरीत गेली. तिकडे पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलांच्या हातात खाऊने भरलेला कागदाचा मोठा शंकू देतात. तो दोन्ही हातांनी कवटाळून उभी असलेली नात आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. दूध काढताना रोज दिसते.

शनिवारी व्हिडिओ कॉलवर आमची उजळणी चालते. तिची दुपार असते, आमची दिवेलागण. परवा मी म्हटलं, "लिही, त्रेसष्ट." तिने पाटीवर आधी ३ काढला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्यापुढे ६ लिहिला. मी "परत ऐक" म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिने पाटी पालथी घातली.

तेवढ्यात लेक आली. म्हणाली, "आई, नको ना. शाळेत जर्मन, बाबाशी इंग्रजी, तुझ्याशी मराठी. आकडे तरी एकाच भाषेत राहू देत." मग नात आत गेल्यावर हळूच म्हणाली, "अठ्ठावीसच्या पुढे मी अडकायचे आणि तू पुन्हा एकपासून म्हणायला लावायचीस. आठवतंय?"

आठवतं. शुभंकरोति झालं की ती पाटावर बसायची आणि एकोणतीसपाशी तिचे डोळे भरायचे. वर्गातल्या मुलांना मी कधी एकपासून परत म्हणायला लावलं नाही. घरच्या मुलीला लावलं. ती हे रागाने बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती रागावली नव्हती, म्हणून जास्त लागलं.

जानेवारीत तिच्याकडे जाते आहे. ९० दिवसांचा व्हिसा मिळाला, विमा झाला, ह्यांच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठीही डॉक्टरांकडून घेतली. आता दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. तीन भाषांमुळे पोरीचा खरंच गोंधळ होतोय का? आणि शिकवायचंच झालं तर घरात शाळा न आणता कसं शिकवू?

स्टुटगार्टचा बाबा

बाई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनुभवावरून देतो. हा गोंधळ मराठीमुळे नाही, कारण जर्मन आकडेही आपल्यासारखेच उलटे बोलतात. एकवीसला ते म्हणतात 'आइन-उंट-त्स्वानत्सिश', म्हणजे एक आणि वीस. त्रेसष्ट म्हणजे 'द्राय-उंट-झेश्त्सिश', तीन आणि साठ. माझी मुलगी दुसरीत असताना ६३ च्या जागी ३६ लिहायची, तेव्हा मीही घरच्या मराठीलाच दोष देत होतो. तिच्या वर्गशिक्षिकेने मला वह्यांचा गठ्ठा दाखवला. ज्यांच्या घरी जर्मनशिवाय दुसरी भाषा नाही त्या मुलांच्या वह्यांतही तीच चूक होती. शंभरपर्यंतचे आकडे इथे दुसरीतच येतात, तेव्हा नातीचं अगदी वेळेवर चाललंय.

या बाबतीत खरी वेगळी आहे ती इंग्रजी, 'सिक्स्टी-थ्री'. ज्या भाषेत तुम्ही तिच्याशी बोलता ती शाळेतल्या भाषेच्या बाजूने उभी आहे, हे लेकीला जरूर सांगा.

नॉर्वेतही पूर्वी असंच एक-आणि-वीस म्हणायचे. फोनवर नंबर सांगताना चुका होतात म्हणून तिथल्या संसदेने निर्णय घेतला आणि १९५१ पासून सरकारी रीत वीस-एक झाली. तरी जुनी माणसं जुनंच म्हणत राहिली. जर्मनीत 'वीस-एक म्हणायलाही मुभा द्या' म्हणणारी एक संस्था आहे, पण शाळांमधून अजून जुनंच चालतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण तुम्ही नातीला शाळेतून आणायला जाल. इथे 'हाल्ब फीअर' म्हटलं की शब्दशः अर्ध चार, पण वेळ साडेतीनची. माझी आई आली होती तेव्हा शेजारणीने तिला 'हाल्ब त्स्वोल्फ' सांगितलं. आईने त्याचा अर्थ साडेबारा असा लावला. शाळा सुटली होती साडेअकराला. पोर तासभर फाटकाशी बाईंचा हात धरून थांबली होती. आई त्या दिवशी जेवली नाही. म्हणून वेळ नेहमी आकड्यात लिहून घ्या. तुमच्या लेकीकडे, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात येतं त्या बव्हेरियात, पावणेचारला 'द्रायफिअर्टल फीअर' म्हणतात, म्हणजे पाऊण चार. चौथ्या तासाचा पाऊण भाग झाला, असा हिशेब. दीड या संख्येला (दीड वाजण्याला नव्हे) मात्र त्यांच्याकडेही आपल्यासारखा एकच शब्द आहे, 'आंडर्टहाल्ब'. हे नातीला सांगा, तिला आवडेल.

गठ्ठे-सुटे

बाई, मी विक्रोळीला दुसरीला शिकवते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, साठ तीन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, तुम्हीही वर्गात असाल तेव्हा. डॉ. मंगला नारळीकर विषयसमितीच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी मुलं अडतात, हे त्यांचं म्हणणं मला माझ्या वर्गात रोज दिसतं. एकवीस, त्रेसष्ट हे शब्द पुस्तकातून काढलेले नव्हते. पण वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांनी पुस्तक उघडून पाहिलं कोण जाणे.

तरी माझं मत असं की घरात त्रेसष्टच म्हणावं. मुंबईत राहणाऱ्या पोराला 'सात त्रेपन्नची फास्ट' कळायला नको का? नात सुट्टीत येईल तेव्हा आजोबांबरोबर फलाटावर उभी राहीलच.

चूक शब्दात नाही, लिहिण्याच्या घाईत आहे. ऐकलं की लगेच पेन्सिल चालते, आणि कानावर आधी तीन पडलेला असतो. तेव्हा पाटी बाजूला ठेवा. खराट्याच्या काड्या बोटभर कापून न्या, दहादहाचे गठ्ठे रबरात बांधून. (काडेपेटीतल्या काड्या नेऊ नका, सामानात चालत नाहीत.) त्रेसष्ट म्हणा. 'त्रे' ऐकून ती तीन सुट्या उचलेल, उचलू द्या. 'सष्ट' ऐकून सहा गठ्ठे घेईल. मग गठ्ठे डावीकडे मांडायचे आणि समोर दिसतंय ते डावीकडून लिहायचं. उलट ऐकूनही लिहिणं सुलट होतं. माझ्या वर्गात ज्यांना हे हाताने करायला मिळालं ती मुलं दिवाळीनंतर क्वचितच अडली. आणि श्रुतलेखन अजिबात नको, निदान महिनाभर तरी.

पाटावरची

मी शिक्षिका नाही. आई शिक्षिका होती, आणि तुमची लेक जे म्हणाली ते मी माझ्या आईला कधीच म्हणू शकले नाही. आता ती नाही. बाई, नातीचं नंतर बघा. आधी लेकीला फोन करा.

परळच्या बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटावरची, तुमचं वाचून मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. दोनदा झालं असं. रात्री साडेदहाला केला, तिकडे संध्याकाळचे सहा. लेकीला म्हटलं, एकोणतीसपाशी मी चुकत होते, तू नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "भाजणी आणशील ना?" किलोभर आणते म्हटलं. तिकडच्या आकड्यांचंही तिला सांगितलं. रोज तेच ऐकते, पण मराठीशी कधी ताडून पाहिलं नव्हतं म्हणाली. मग स्वतःच 'द्राय-उंट-झेश्त्सिश, त्रेसष्ट' असं दोनदा पुटपुटली.

काल भुलेश्वरला जाऊन लाल आणि पांढरे मणी आणले. दहा लाल, दहा पांढरे अशी शंभरांची माळ ह्यांनी चष्मा लावून ओवली. दोनदा मोजली, दोन्ही वेळा नव्व्याण्णव भरले, मग एक मणी सोफ्याखाली सापडला. खराट्याच्या काड्याही कापून ठेवल्यात. गठ्ठे तिथे गेल्यावर नातीकडूनच बांधून घेईन.

आज शनिवार. पाटी घेतली नाही, नुसती माळ कॅमेऱ्यासमोर धरली. नातीने बोट नाचवत मणी मोजले, एकोणतीसवर थांबली आणि म्हणाली, "आजी, एकोणतीस म्हणजे तीसला एक कमी?" मी हो म्हटलं. ती पुढे मोजत गेली, एकोणचाळीस, एकोणपन्नास, प्रत्येक ठिकाणी मान डोलवत. मधे दोनदा चुकली, मी काही बोलले नाही. माळ संपत आली तेव्हा मी नव्व्याण्णव म्हटलं. तिने शेवटच्या मण्याआधी बोट धरून ठेवलं. "नव्व्याण्णव का? एकोणशंभर का नाही?"

३१ वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मागे लेक उभी होती, ती हसून म्हणाली, "सांग आता." तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर जानेवारीच्या आत लिहा.