पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जातेय (विस्कॉन्सिन) : कपडे, बंदूक, रस्ता, मटण, सगळ्याचीच मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मॅडिसनला येऊन मला नऊ वर्षं झाली. येत्या नोव्हेंबरात पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जातेय, आणि नुसती सोबत म्हणून नाही, स्वतःचं लायसन्स काढून. विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटाकडे कुणी हे केलं असेल तर हातचं राखून न ठेवता सांगा.

आधी थोडं मागचं. आमच्या शेजारी एक ६८ वर्षांच्या बाई राहतात. मी त्यांना आजी म्हणते, आणि आता फोन केला की त्याही 'आजी' म्हणूनच ओळख देतात. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी इथला बंदुकीचा हंगाम सुरू होतो, तो नऊ दिवस चालतो. आजी चाळीसहून जास्त वर्षं त्यासाठी उत्तरेला आपल्या कॅम्पवर जातात. कॅम्प म्हणजे तंबू नव्हे. मिनॉक्वाच्या पुढे रानात त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं लाकडी खोपटं आहे. मधोमध लोखंडी शेगडी, भिंतीला लागून बाकं, संडास बाहेर. गेल्या वर्षी मी दोन दिवस गेले होते, हातात काही न घेता. तेव्हापासून डोक्यातून ते रान जात नाही.

त्या खोपट्याच्या एका भिंतीवर शर्टांचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले आहेत. ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं मागचं टोक रात्री सगळ्यांसमोर कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर लावायचं, अशी इथली जुनी रीत. आजींच्या दिरांचे सात तुकडे आहेत. आता ते हंगामाच्या आधी जुन्या कपड्यांच्या दुकानातून दोन डॉलरचा शर्ट आणतात आणि तोच घालून बसतात. यावरून दरवर्षी भांडण होतं, की असला शर्ट धरायचा की नाही. गेल्या वर्षी मतदान झालं. दीर हरले, आणि त्यांच्या अंगातला लोकरीचा चांगला शर्ट कापला गेला. मी इतकी हसले की पत्ते हातातून खाली पडले.

दुसरा किस्सा क्रॅनबेरीचा. कुणाच्या तरी भाच्याला बर्फावर लाल थेंब दिसले. जखमी हरीण समजून तो अर्धा तास वाकून वाकून माग काढत गेला, आणि निघाले काका! त्यांच्या पाठपिशवीतली क्रॅनबेरीच्या रसाची बाटली गळत होती. ही गोष्ट मी दोन दिवसांत तीन वेळा ऐकली, आणि तिन्ही वेळा काकांनी ती स्वतःच सांगितली.

पण हा धागा काढण्याचं खरं कारण दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं आहे. आजी आणि मी जमिनीवरच्या आडोशात बसलो होतो. उणे ११ सेल्सियस. थर्मासच्या झाकणातल्या चहावर साय धरली होती. साडेसातच्या सुमारास एक मादी बाहेर आली. पाय उचलायची, थांबायची, कान एकीकडे आणि नाक दुसरीकडे. आजींनी रायफल खांद्याला लावली. मला त्यांच्या गालावरची लव दिसत होती, तिच्यावर श्वासाचं दव जमलं होतं. पंधरावीस सेकंद गेली असतील. मग त्यांनी नळी खाली घेतली आणि मादी निघून गेली. नंतर मी विचारलं, तर म्हणाल्या, 'ती चढाच्या माथ्यावर होती, तिच्या मागे काय आहे ते दिसत नव्हतं.' एवढंच.

मला हे असं यायला हवं आहे. बार चुकला तर शर्ट कापतील, कापू देत. पण हरीण जखमी होऊन रानात गेलं तर मला झोप लागणार नाही. म्हणून खालचं सगळं विचारतेय.

१ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना इथे सेफ्टीचा कोर्स लागतो, तो मी उन्हाळ्यात केला. पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्या रहिवाशाला ते ५ डॉलरला मिळतं, एरवी २४. अजून काढलेलं नाही. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. ऑफिसात कुणीतरी म्हणालं की व्हिसावर असताना बंदुकीला हात लावणंसुद्धा गुन्हा आहे. खरं काय?

बंदूक आजी देणार आहेत, थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे मोठ्या काडतुसाची रायफल. पण त्या पावणेसहा फूट आणि मी पाच फूट एक इंच. दस्ता मला लांब पडेल का? आणि धक्का?

थंडीचं काय करायचं? गेल्या वर्षी चार तासांनी उठले तेव्हा पाऊल जमिनीला टेकलंय की नाही तेच कळेना. लोकरीचे दोन मोजे होते तरी.

कमरेच्या वरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी लागतात. गुलाबी २०१६ पासून चालतं, विस्कॉन्सिनने ते सगळ्या राज्यांत आधी आणलं. हरणाला तो रंग खरंच दिसत नाही का? आणि वास! आमच्या घरात रोज हिंगाची फोडणी पडते, जॅकेट दारामागेच टांगलेलं असतं. आजी वाऱ्याबद्दल फार काटेकोर आहेत, त्यांची सकाळ माझ्यामुळे फुकट जायला नको.

शेवटचं, मटण. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. मी ती फक्त खंडेनवमीला पाटावर, झेंडूची फुलं वाहिलेली पाहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधीच्या शिकारीच्या गोष्टी माझी खरी आजी सांगायची. बार कुणाचाही असो, हाकाऱ्यांचा वाटा आधी निघायचा. इथल्या कॅम्पवरही मटण सगळ्यांत वाटतात. माझ्या वाट्याचं काहीतरी आपल्या पद्धतीने करून त्यांना वाढायचं आहे. कसं करू?

सह्याद्री_ते_सुपीरियर

ताई, स्वागत. मी मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात. आमचा हंगाम वार बघत नाही, १५ ते ३० नोव्हेंबर ठरलेला.

व्हिसाचं आधी, कारण हे चुकलं तर बाकी सगळं बाजूला राहील. तुमच्या ऑफिसातला माणूस अर्धं बरोबर सांगतोय. संघराज्याच्या कायद्याने एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. पण त्याला अपवाद आहेत, आणि त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स. म्हणजे क्रम महत्त्वाचा. आधी लायसन्स, मग रेंजवर सराव. आजींच्या स्वयंपाकघरात 'जरा धरून बघ' सुद्धा त्याआधी नको. लायसन्सची छापील प्रत सतत जवळ ठेवा, मुदत कधी संपते ते लिहून ठेवा, आणि तुमच्या इमिग्रेशनच्या वकिलाला एक मेल टाका. मी ग्रीन कार्डच्या आधी असंच केलं होतं.

थर्टी-ऑट-सिक्स पहिल्या वर्षी नको. हरणाला ती पुरून उरते, पण धक्क्याची धास्ती बसली की माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, आणि तुम्हाला जी भीती वाटतेय ती तिथेच खरी होते. कॅम्पवर कुणाकडे तरी २४३ विंचेस्टर, म्हणजे लहान काडतुसाची रायफल असेलच. मुलांना शिकवायला बहुतेक जण तीच ठेवतात. धक्का कमी, दस्ता बहुधा आखूड. निदान तीनदा रेंजवर जा आणि बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने मारून बघा. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून सगळ्यांचेच नेम बरोबर लागतात.

पायांचं: दोन्ही मोजे जाड घातले असतील तर तिथेच चूक झाली. बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गारठतो. एक पातळ आणि एक जाड लोकरीचा, आणि बूट एक साईज मोठा, आत वेगळं काढता येणारं नमद्याचं अस्तर असलेला. रात्री ते अस्तर शेगडीपाशी वाळवायचं. आडोशाकडे चालत जाताना जॅकेट अंगात नको, पाठीवर बांधा. घाम आला की पुढचे चार तास कुडकुडणं आलंच. बूड टेकायला फोमची गादी घ्या आणि पायाखाली लाकडाची फळी ठेवा, थंडी जमिनीतून वर चढते.

रंग: हरणाला लाल आणि नारिंगी आपल्यासारखे दिसत नाहीत, मळकट दिसतात. निळा मात्र फार चांगला दिसतो. म्हणजे नारिंगी जॅकेटची काळजी नको, निळ्या जीन्सची करा. आणि कपडे उजळवणाऱ्या साबणाने ते धुऊ नका, त्या उजाळ्याची चमक हरणाला जाणवते.

वासासाठी जॅकेट आजच घराबाहेर काढा. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेटीत गॅरेजमध्ये ठेवा, वर पाइनच्या चार फांद्या टाका. कॅम्पवर पोचेपर्यंत ते घालायचं नाही. तरीही वारा तुमच्याकडून हरणाकडे जात असेल तर हिंग काय आणि साबण काय, सगळं सारखंच. आजी सांगतील तिथे बसा.

वासावरून आठवलं. आमच्यातल्या एकाने हरणीच्या मुताची बाटली आणली होती, नराला ओढायला ती विकत मिळते. मॅकिनॉ पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग लागलेली, हीटर पूर्ण चालू, आणि पायापाशी ठेवलेल्या बाटलीचं बूच निघालं. पाच मैलांचा पूल आम्ही चौघांनी चारही काचा खाली करून, बर्फाचा मारा तोंडावर घेत पार केला. टोलवरच्या बाईंनी पैसे घेतले आणि एक शब्दही न बोलता खिडकी लावली. तो मित्र आजही गाडीत बसला की सगळे आधी त्याची पिशवी तपासतात.

रस्त्याचं: आय-३९ ने वॉसॉ आणि पुढे ५१ ने वर, साडेतीन तास धरा. शुक्रवारी दुपारी दोनच्या आत निघा. संध्याकाळी त्या रस्त्यावर हरणं आडवी येतात, माजाचे दिवस असतात, नर माद्यांच्या मागे धावत सुटलेले. गाडीत रायफल रिकामी हवी. गोळ्या वेगळ्या डब्यात.

चुलीपाशी

मी पेन्सिल्वेनियात. आमच्याकडे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हंगाम उघडायचा आणि गावच्या शाळा बंद असायच्या. २०१९ पासून शनिवारी उघडतो. नवरा जातो, मी दोनदा गेले, मटण मात्र दरवर्षी मीच करते.

मटणाच्या आधी एक. तुमच्या राज्यात हरणांत झिजून मरण्याचा रोग (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) आहे, २००२ पासून. नैसर्गिक संसाधन खातं फुकट तपासणी करतं, डोकं नेऊन द्यायच्या पेट्या ठेवलेल्या असतात. निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये, वेगळी खूण करून ठेवा. निकाल वाईट आला तर अजिबात खायचं नाही. शिजवून तो दोष जात नाही, कुकरच्या कितीही शिट्ट्या काढा. आणि हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करायची असते.

म्हणून कॅम्पवर वाढायचं असेल तर आजींच्या गेल्या वर्षीच्या, तपासलेल्या मटणातलं मागून घ्या.

आता चव. हरणाच्या मटणाला चरबी जवळजवळ नसते, आणि असते ती काढून टाका. ती मेणासारखी टाळूला चिकटते, उग्र वास तिचाच. स्नायूंवरचा चंदेरी पडदाही सुरीने सोलून काढा. पाठीच्या कण्यालगतच्या लांब पट्ट्या कुकरमध्ये घालाल तर पाप लागेल. त्यांना फक्त मीठ, मिरपूड, आलं-लसूण, तापलेला तवा, दोन्ही बाजूंनी दोन-तीन मिनिटं. मानेचं आणि खांद्याचं मटण रश्शाला. दही-हळद लावून रात्रभर ठेवा, कांदा-सुक्या खोबऱ्याचं वाटण चांगलं काळपट भाजा, तेल नेहमीपेक्षा सढळ, आणि मंद आचेवर अडीच-तीन तास. शेगडी आहेच तिथे. तिखट मसालाच न्या, हिंग घरी ठेवा!

बायकांसाठी एक: एकसंध पँट घेताना मागून चेन उघडणारी घ्या. उणे अकरामध्ये सगळं उतरवायची वेळ आली की माणूस पुन्हा जात नाही.

पानगळ

कोणाला दुखवायचं नाही, पण एवढं सुंदर जनावर मारायची हौस कशाला? आपल्याकडे बंदी आहे ती उगाच नाही.

धागाकर्ती

पानगळ, तुम्ही विचारलंत ते बरं झालं, आईनेही हेच विचारलं. आपल्याकडची बंदी मला शंभर टक्के पटते. सांबर, चितळ, भेकर आधीच कमी, आणि त्यांच्यावर वाघ-बिबट्याचं पोट आहे. इथे पांढऱ्या शेपटीची हरणं शेतं आणि रानातली कोवळी रोपं फस्त करतात, रस्त्यावर गाड्यांखाली मरतात. बंदुका आणि गोळ्यांवरचा कर १९३७ च्या कायद्यापासून रान राखायला जातो. आणि मी मटण खाते. वर्षभर पाकिटातलं आणून खाते, त्या जनावराकडे कधी पाहिलेलं नसतं. एकदा तरी बघून, जबाबदारी घेऊन खावं असं वाटतं. तुम्हाला पटेलच असं नाही.

सह्याद्रीदादा, चुलीपाशीताई, किती मनापासून लिहिलंत! दादा, जखमी झालंच तर काय करायचं, तेवढं सांगा.

सह्याद्री_ते_सुपीरियर

आधी ते होऊ नये म्हणून. हरीण पूर्ण आडवं उभं असेल तरच. पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, तिथे हृदय आणि फुप्फुसं. तुमच्याकडे बघतंय, चालतंय, झुडपामागे आहे, तर नाही. पहिल्या वर्षी साठ-सत्तर यार्डांच्या पुढे नाही.

बार झाल्यावर ते कुठे उभं होतं आणि कुठे दिसेनासं झालं त्या दोन जागा डोळ्यांनी पक्क्या धरा. मग अर्धा तास जागचं हलायचं नाही. हे सगळ्यात अवघड. लगेच मागे धावलं की जखमी हरीण मैलभर जातं, नाहीतर ते जवळच बसतं आणि तिथेच संपतं. मग रक्त बघा. गुलाबी, बुडबुड्यांचं असेल तर फुप्फुस, शंभर पावलांत मिळेल. हिरवट, वास मारणारं असेल तर पोटात लागलंय, कित्येक तास थांबायचं आणि कॅम्पवरच्या जाणत्यांना बोलवायचं. प्रत्येक थेंबाशी कागदाचा कपटा ठेवत जा, मागे वळलं की दिशा दिसते. मिळेपर्यंत सोडायचं नाही, जेवण, पत्ते सगळं बाजूला. आजी असल्यावर तुम्हाला हे सांगायची गरजही पडणार नाही.

धागाकर्ती

हे छापून जॅकेटच्या खिशात ठेवतेय.

लायसन्स आज दुपारी काढलं, वकिलांना मेलही गेला. आजींना २४३ बद्दल विचारलं. त्यांच्या नातवाची लहानपणची आहे, माळ्यावर. शनिवारी तेल-पाणी करून रेंजवर नेणार म्हणाल्या. बूट एक साईज मोठे मागवले. जॅकेट गॅरेजमध्ये पेटीत गेलं. पाइन नव्हता, शेजारच्या देवदाराच्या फांद्या टाकल्यात, चालतील ना?

दिवाळीतल्या चकल्या आणि कडबोळी डबा भरून बाजूला काढणार आहे, पत्त्यांच्या वेळेला. आजींच्या दिरांचा निरोप आलाय, येताना त्यांच्यासाठी एक जुना शर्ट घेऊन ये.