अख्खं पान नको, टीबॉडीच बदला
रायबंदर-चोडण फेरीबोटीचं वेळापत्रक दर ३० सेकंदांनी ताजं करायला तुम्ही अख्खं वेबपान रीलोड करताय, म्हणूनच शोधचौकटीत अर्धवट टाइप केलेलं 'चोड' पुसलं जातं. तक्त्याच्या टीबॉडीला (एचटीएमएलमधला, तक्त्याच्या ओळी ठेवणारा भाग) आयडी द्या, फेचने (सर्व्हरकडून माहिती मागवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) तेवढ्याच ओळी मागवून तिथं भरा.

त्यासाठी सेटइंटरव्हल, म्हणजे ठरावीक वेळाने तेच काम पुन्हा पुन्हा चालवणारं फंक्शन, मात्र नको. नदीच्या मधोमध रेंज रडायला लागली की पहिलं उत्तर यायच्या आत दुसरी मागणी सुटते आणि उशिरा पोचलेलं जुनं उत्तर नव्यावर बसतं. त्यापेक्षा फायनलीमध्ये (मागणी यशस्वी होवो वा फसो, शेवटी चालणारा भाग) पुढच्या मागणीसाठी सेटटाइमआउट (ठरावीक वेळाने काम एकदाच चालवणारं फंक्शन) लावा.

आणि हो, सर्व्हरने ५०० (सर्व्हरमधल्या बिघाडाचा कोड) दिला तरी फेच कॅचमध्ये (चूक झाल्यावर चालणारा भाग) जात नाही; रिस्पॉन्सचं, म्हणजे आलेल्या उत्तराचं, ओके (ते यशस्वी आहे का हे सांगणारा गुणधर्म) तपासा, नाहीतर तक्त्यात एररच छापून येईल. क्लिकचे लिसनर (क्लिक झाल्यावर चालणारी फंक्शनं) टेबलावर बांधा; ओळींवर बांधलेले लिसनर टीबॉडीचं इनरएचटीएमएल (आतला एचटीएमएल मजकूर) बदलताच उडतात.